ऐकल्याचा हो

२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, खोलीत आम्ही सहाजणी. म्हणून पत्र.

इस्पितळाच्या धुलाईखान्यातला आमचा मुकादम गोऱ्या बायकांना खिडकीपाशी घड्या घालायला बसवतो आणि आम्हा काळ्यासावळ्यांना वाफेच्या यंत्रावर उभं करतो. त्याने चादरींच्या कोठीत माझ्या अंगावर हात टाकला. मी तक्रार केली, तशी आणखी दहाजणींना वाचा फुटली. चार देशांच्या बायका, एकीची भाषा दुसरीला येत नाही, तरी सगळ्यांनी अर्ज दिले. कामं पाळीपाळीने द्या, तक्रार ऐकायला बाई नेमा, एवढंच मागणं.

चौकशीला दुभाषी फोनवर होती. अधिकारी मुकादमाचा जबाब वाचत गेला, की मीच त्याला हसून कोठीत बोलावलं. ती मराठीत सांगत गेली आणि मी आपली सवयीने हो, हो करत गेले. ऐकतेय, एवढाच त्याचा अर्थ. तिने माझा प्रत्येक हो त्यांना पोचवला. आता कागदावर मी सगळं कबूल केलंय. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईसमोर हो न म्हणता बसलं की लक्ष नाही म्हणून धपाटा मिळायचा, त्याची ही फळं.

पण आता पुरे. वर्गाची मॉनिटर केलं तर रडत घरी आलेली तू, पुढारीण कधी झालीस? तुझ्या लेकीचे तिकडे यायचे कागद अर्ध्यावर आलेत. सहा वर्षं ती माझ्याकडे राहून तुला फोनमध्येच बघते आहे. तक्रार मागे घे. पाया पडते.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कचेरीत बोलावलं होतं. तक्रार गैरसमजातून झाली असं लिहून सही दिली, तर लेकीच्या कागदांना लागणारं पत्र इस्पितळ देईल. नाही दिली तर प्रकरण न्यायालयात जाईल. निकाल लागेपर्यंत तिला येता येणार नाही आणि मी हा देश सोडला तर दावा बुडेल. आमच्या बाजूच्या वकीलबाई म्हणाल्या तीन वर्षं, कदाचित पाच.

माझी सही झाली की दहाजणींचे अर्जही खोटे ठरतात. त्यातली एक एकोणीस वर्षांची आहे. कोठीत आता तिला पाठवतात.

महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. माझ्यात त्राण उरलेलं नाही. तूच सांग काय करू.

तुझी ताई

२३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यातली नोकरी कंबरदुखीने सोडली, असं मी तुला सांगितलं होतं. माझी कंबर ठणठणीत आहे. डॉक्टरांनी दार लावून घेतलं होतं. मी कुणाकडे ब्र काढला नाही. पुढच्या महिन्यात तिथे नवी मुलगी लागली. तिला आत जाताना बघून मी भाजी घेऊन घरी यायची.

सही करू नकोस.

लेकीला कळेल तेवढं सांगितलं. तिने बॅग केव्हाच भरून ठेवली होती. काल ती स्वतःच रिकामी केली, कपडे कपाटात लावले. लावता लावता विचारलं, आई भेटेपर्यंत हे सगळे मला आखूड होतील ना.

तुझीच,
धाकटी