कालवा ते नदी, एकट्यानं

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६ (म्हणजे ८.४०)
आजपासून नवं आयुष्य. बायको जयवंता लेकीकडं, श्वेताकडं, पुण्याले जाऊन दोन महिने झाले, नातवाचं करायले. आता मायलेकींचा एकच धोशा. बाबा, नागपूरचं घर विका आन् इकडंच या, तुम्हाला एकट्यानं जमणार नाही. मले! छप्पन वर्षांच्या धडधाकट माणसाले! काल फोनवर डोकं सरकलं. सांगून टाकलं, रविवारी कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची बोट, घेऊन कालव्यातून नदीत जातो. मधला दीड किलोमीटर बोट खांद्यावर. एकट्यानं. जमलं तर घर विकायचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं पुण्याले येतो.
जयवंता लगेच हो म्हणाली. जरा जास्तच लगेच.

३ फेब्रुवारी, मंगळवार
कयाक आली. गल्लीतल्या रजतची सेकंडहँड. केशरी, दहा फूट, चोवीस किलो. बोट उचलून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणे, याले पोर्टेज म्हणतात. व्हिडिओत एक बाई हसत हसत नेते.
सराव केला. हॉल ते गॅलरी. पंख्याचं एक पातं वाकलं. पंखा तसाही आवाज करे.
जेवण शेजारी कुसुमताईंकडं. रोजच असते. याले मदत म्हणत नाहीत, शेजार म्हणतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार
कंबर. कुसुमताईंच्या मिस्टरांनी मलम चोळून दिलं. चोळताना विचारलं, पोहता येते का? म्हटलं, पोहायचं काम बोटीचं, मी फक्त बसून राहणार.
जागा पक्की. पारशिवनीजवळ. जयवंताचं माहेर तिथंच आहे. मुद्दामच निवडली. जावयाचा पराक्रम सासरवाडीच्या कानावर गेला पाहिजे.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.१०, कालव्यावर
पिंटूच्या टेम्पोनं आलो. टेम्पो म्हणजे वाहन, मदत नव्हे. उन्हानं प्लास्टिक तापते आन् मानेले चटका बसते, म्हणून कयाक पांढऱ्या चादरीत गुंडाळून सुतळीनं करकचून बांधली. पिंटू म्हणे, काका, हे बरं नाही दिसून राहिलं. त्याले काय समजते स्पोर्ट्समधलं! परत पाठवला.
कालवा कोरडा आहे. पाणी सोडायची पाळी परवाच संपली म्हणे. एक फोन करायले पाहिजे होता, पण असो. पाण्यातला टप्पा रद्द. थेट पोर्टेज.

सकाळी ९.४०
एकशे दहा पावलं! एकट्यानं! आता लिंबाखाली बसलो आहो. दमलो नाही, टप्पा पडला.

दुपारी १२.३०, नदीकाठी
काय सांगू! पुन्हा उचलणार तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी सायकलवरून उतरले. दादाजी त्यांचं नाव. चप्पल काढली, बोटीले हात जोडले आन् पुढचं टोक सरळ खांद्यावर घेतलं. नको म्हणणार होतो, पण तोंडून हवाच निघाली. मागून तिघं आले. मोटरसायकली थांबल्या. पानठेलेवाल्यानं ठेला बंद केला आन् तोही आला. खांदे बदलत गेले, कोणाले सांगावं लागलं नाही. मले सगळ्यात पुढं चालायले लावलं. मान असते.
इतकं शिस्तीचं पब्लिक मी जन्मात पाहिलं नाही. शिट्टी नाही, सेल्फी नाही. दादाजींनी हळूच नाव विचारलं. म्हटलं, चंपतराव. वय? छप्पन. गाव? नागपूर. कार्यक्रमात विचारतातच. नाव-गाव मागं मागं सांगत गेले. दादाजी म्हणाले, जायचं वय नव्हतं गा. मी म्हटलं, जायचंच ठरलं तर वय नाही पाहायचं. एका बाईनं डोळ्याले पदर लावला. कोणी झेंडूची फुलं टाकली.
अर्ध्या तासात नदी. घाटावर बोट अलगद उतरवली, तोंड दक्षिणेकडं करून. म्हटलं, वारा पाहिला असेल. मग एकानं विचारलं, लाकडं कुठं हायेत?
मी म्हटलं, कायची लाकडं?
मग चादर सोडली.
दादाजी खालीच बसले. म्हणाले, काहून गा बाबू, जिवंत माणसांची मजाक करून राहिला का? मी म्हटलं, मी कोणाले बोलावलं? ते म्हणाले, मैताले बोलवा लागते का?
लाज वाटली. फार.
खांदा दिला तं दिला, आता अंघोळ करा लागते म्हणे. सगळे नदीत उतरले, शे-दीडशे माणूस. मलेही उतरवलं. म्हणजे पाण्यात गेलोच. फोन खिशात होता. तोही गेला.
बोट दादाजींच्या गोठ्यात ठेवली. नागपूरले बसनं जातो.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
बेल वाजली. टॉवेलवरच दार उघडलं. दारात जयवंता. रातभर ट्रॅव्हल्सनं आली. काल मैताच्या मागच्या टोकाले तिच्या माहेरचं कोणी होतं, त्यानं अर्ध्या रस्त्यातूनच फोन केला, चंपतराव गेले म्हणून, मग तिथूनच माघारी फिरला. आन् माझा फोन बंद.
तिनं आधी पर्सनं दोन हाणले. मग गळ्यात पडून रडली. मीही रडलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा घर घरासारखं वाटलं.

सकाळी ८.१५
चहा झाला. तिनं विचारलं, किती लोकं होते? म्हटलं, दीडशे धर. ओळखीचे किती? म्हटलं, एकही नाही. ती म्हणाली, श्वेताच्या बिल्डिंगमधले एक आजोबा गेल्या महिन्यात गेले. तीन माणसं जमली, चौथा खांदा वॉचमनचा.
मग माझ्यासमोर श्वेताले फोन लावला. घर विकायचं नाही. मी इथंच राहते.
जिंकलो! छाती भरून आली. म्हटलं, पाहिलं का वं, शेवटी माझ्यासाठी थांबली.
कप उचलता उचलता ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही जी. माझ्या वेळेले गर्दी पाहिजे.