दर्भाचा कावळा

जुन्नर,
२४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादास,

भिमाचा नमस्कार. हात चर्चमधला ‘सलाम’ लिहायला निघाला होता. अडतीस वर्षं चर्चचा पाळक म्हणून काढल्यावर सवय जाते थोडीच!

रविवारी निवृत्त झालो. शेवटची उपासना घेतली, झगा घडी करून ट्रंकेत ठेवला. लोक रडले, मीही रडलो. आई फार आठवली. माझ्या पहिल्या उपदेशाला तूच तिला आणलं होतंस, भावकीच्या नाकावर टिच्चून. बाकावर मांडी घालून बसली आणि मधेच मोठ्यानं म्हणाली, "भिमा, पानी पी रं, घसा सुकला तुजा." सगळं चर्च हसलं. किती गोड दिवस होते ते.

काल तुझ्या सूनबाईचा, वृषालीचा फोन आला. म्हणाली, "काका, सर्वपित्रीला मामंजींनी घास ठेवला आन कावळा येईस्तवर पान्याचा थेंब घेतला न्हाई. दरसाली असंच. म्हणत्यात, आईचं माज्याकडनं काय राह्यलं?"

दादा, तुझ्याकडून काहीच राहिलं नाही. राहिलं ते माझ्याकडून.

आईच्या दहाव्याला कुकडीकाठी पिंडाला कावळा शिवेना. तू हात जोडून एकेक कबूल करत होतास. लेकीचं, इंद्रायणीचं लग्न करीन, गाय विकणार नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं. मी मागे उभा होतो, गळ्यात पांढरी कॉलर. शेवटच्या भेटीत आई मला म्हणाली होती, "तुजा देव तुला, माजा मला. पर सणासुदीची भाकर दादाच्या तव्यावरची खात जा. सोडू नगं त्याला."

तेवढंच कबूल करायचं होतं. पण पाळकानं पिंडापुढे तोंड उघडलं तर चर्चमध्ये काय म्हणतील, म्हणून गप्प बसलो. श्रद्धा कसली, भित्रेपणा होता तो. मग लाजेनं घरच टाळलं. एकोणीस वर्षं दर सणाला तुला ‘उपासना आहे’ सांगत आलो. शेकडो घरांत मयताच्या वेळी दिलासा दिला आणि सख्ख्या भावाला जळत ठेवलं.

कावळ्याचं मला आजही पटत नाही. पण आईला शब्द द्यायला कावळा कशाला हवा होता?

दिवाळीला बोरीला, घरी येतोय. नदीवर तुझ्याशेजारी उभा राहून तो शब्द मोठ्यानं देणार. हाकललंस तर ओट्यावर बसेन, पण परत जाणार नाही. वृषालीला माझी एक भाकर टाकायला सांग.

आणि तू आता उपाशी बसू नकोस रे. आई तुझ्यावर नाराज नव्हती. ती माझी वाट बघत होती.

तुझा धाकटा,
नुसता भिमा