मुन्यू कुणालाच नाही म्हणत नाही

३ जून, सोमवार
आजपासून पहाटे पाचला उठणे. बिअर बंद. रोज पाच पानं रेखाटणे. (हे साडेदहाला लिहितोय. निश्चय उठल्यावर सुचला, त्याला माझा इलाज नाही.)

संपादक मुरोईचा फोन. वाचक पोस्टकार्डावर आवडीनिवडी कळवतात आणि नावडत्या चित्रमालिका साप्ताहिकात मागे ढकलल्या जातात, हे शेंबडं पोरही जाणतं. या आठवड्यात आमचा ‘मुन्यू’ शेवटून दुसरा. मुरोई हळहळत होता. पोरगेला आहे, त्याला काय कळतंय! जेवणात भात आणि मिसो सूप शेवटी येतं, आणि पोट भरतं ते त्यानेच.

तरी त्याचं म्हणणं असं, की मुन्यूला सुपरहिरो करा, नाहीतर गाशा गुंडाळा. मी म्हटलं, विचार करतो. मुन्यू म्हणजे पिठाचा गोळा. वय कायम पाच वर्षं. घाबरला की रूप बदलतो, किटली होतो, छत्री होतो, एकदा तर डाव्या पायाची चप्पल झाला. लढायला बोलावलं की ‘नाही’ म्हणतो आणि पुन्हा किटली.

माझी मुलगी कोझुए तीन वर्षांची असताना पांघरुणात शिरून ओरडायची, मी आता किटली, मला उचलू नका! आणि मी उचलेपर्यंत बाहेर यायची नाही. मुन्यू तिथून आला. म्हणजे कल्पना माझीच, तिने फक्त बोलून दाखवली.

९ जून, रविवार
महिन्यातला दुसरा रविवार, कोझुएचा. घटस्फोटात सावाकोशी तसं ठरलंय. कावागुची स्टेशनजवळच्या नेहमीच्या रेस्तराँत बसलो. पोरगी दहाची झाली, उंच दिसते. कॉर्न सूप घेतलं आणि ढवळत बसली.

मी नॅपकिनवर सुपर मुन्यू काढून दाखवला, केप, पट्टा, छातीवर ‘मु’. तिने विचारलं, मग आता तो घाबरणार नाही? म्हटलं, छे! मग म्हणे, किटली पण होणार नाही? मी समजावलं, अगं, किटलीने कधी शहर वाचवलंय का? तिने नॅपकिन माझ्याकडे परत सरकवला. भारावली असणार.

पोहण्याच्या टीममध्ये निवड झाली म्हणाली, सराव रविवारी असतो, आणि पापा, मला ना तुला… असं काहीतरी. मी म्हटलं, शाब्बास, पोहणं तब्येतीला उत्तम! तेवढ्यात केपची मागची बाजू सुचली, ती काढून दाखवली. दिवस झकास गेला.

२० जून, गुरुवार
सुपर मुन्यूचे नियम लिहून काढले. पहिला नियम: मुन्यू कुठल्याच मुलाला नाही म्हणत नाही. मुरोईला वाचून दाखवला. तो ‘हं’ म्हणाला. मुरोईचं ‘हं’ फुकटात मिळत नाही.

पाचला उठणं नवा भाग छापून आल्यावर सुरू. बिअर फक्त पानं पूर्ण झाली त्या दिवशी. झाली नाहीत त्या दिवशी दुःख म्हणून अर्धी.

५ जुलै, शुक्रवार
सुपर मुन्यूचा पहिला भाग आला, पहिल्याच चौकटीत पहिला नियम. सगळ्यात शेवटी, उंची वाढवायच्या गोळ्यांच्या जाहिरातीला खेटून. मुरोईचा आवाज पडलेला. मीच त्याला धीर दिला.

पोस्टकार्डं थोडी आली. एका मुलाने लिहिलंय, उकडलेल्या अंड्याने पडदा पांघरलाय. म्हणजे पोशाखाची चर्चा सुरू झाली!

१४ जुलै, रविवार
कोझुएला भेटायला जाता आलं नाही. पुलावरच्या लढाईची पानं बाकी होती. दुपारी आठवण झाल्यावर लगेच फोन केला. सावाकोने उचलला. म्हणाली, आता फोन करतोस? सकाळपासून स्टेशनवर उभी होती ती. आज स्पर्धेची निवडचाचणी होती, ती बुडवून आली होती, आहे का काही शुद्ध?

म्हटलं, पोहणं कुठे पळून जातंय? सावाको म्हणाली, पोहणं नाही पळत. आणि फोन ठेवला. हिला धड वाक्य पूर्ण करायची सवय कधीच नव्हती.

जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे. एकदा का मुन्यू टीव्हीवर आला की सगळं भरून काढीन. डिस्नेलँड. दोन दिवस.

२६ जुलै, शुक्रवार
मुरोई मला आदराने सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणतो. आज स्पष्टच बोलला, सेन्सेई, सप्टेंबरात मालिका बंद. पण त्यातही एक आशा आहे. इथल्या बाजारगल्लीच्या उन्हाळी जत्रेला मुन्यू हवाय! मोठा पोशाख शिवून आलाय, आत माणूस शिरतो. तुफान गर्दी झाली तर निर्णय फिरू शकतो. असं मुरोई म्हणाला नाही, पण मला त्याचा सूर कळतो.

सावाकोला कळवलं, कोझुएला आण. बापाचा हिरो चालताबोलता बघू दे. ती म्हणाली, विचारते.

३ ऑगस्ट, शनिवार
पोशाखातला माणूस ऐनवेळी आजारी. मी म्हटलं, मुन्यूला माझ्याइतकं कोण ओळखतं? मी शिरतो. मुरोईने दोनदा बजावलं, काही झालं तरी आतून बोलायचं नाही, डोकं काढायचं नाही, समोर मुलं असतात. मला शिकवतोय!

आत भट्टी होती. तोंडातल्या जाळीतून जेमतेम दिसत होतं. पोरं ओरडत होती, किटली हो ना! ए, किटली हो की! मी छाती काढून उभा राहिलो. एकाने नडगीवर लाथ मारली. दुसरा म्हणाला, हा खोटा मुन्यू आहे, खरा पळून गेला असता.

मग हात मिळवायची रांग लागली. रांगेत कोझुए. कुणी बरोबर नव्हतं. वाटलं, आता मिठी मारणार, सुपर मुन्यू जिंकला!

तिने माझा हातमोजा दोन्ही हातांत धरला. हळूच म्हणाली, मुन्यू, तू कुठल्याच मुलाला नाही म्हणत नाहीस ना? मग माझ्या पापाला एक निरोप सांगशील? मी सांगायला गेले की तो चित्रं काढायला लागतो. त्याला सांग, आता दर रविवारी मी पोहायला जाणार. भेटायला नको. मी रागावले नाहीये म्हणावं. खरंच नाही. फक्त मला स्टेशनवर वाट बघायची नाहीये.

मागे रांग थांबली होती. मुरोई फोटो काढत होता. पोशाखाचं डोकं इतकं मोठं, की नुसती मान हलत नाही, कमरेतून वाकावं लागतं. मी कमरेतून वाकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाकून आभार मानले आणि गेली.

आत मी आहे हे तिला कळणं शक्य नव्हतं. जाळी काळी होती. बोलायचं नाही असा नियम होता. नियम नसता तर मी नक्की बोललो असतो. काय बोललो असतो ते आत्ता सुचत नाही.

मुरोई म्हणाला, सेन्सेई, ते वाकणं एकदम मनापासून वाटलं.

११ ऑगस्ट, रविवार
दुसरा रविवार. पाचला उठलो. कुणी उठवलं नाही, आपोआप. बिअर घेतली नाही. कागद पुढ्यात घेतला, काही काढलं नाही.

निरोप पोचला. फोन केला नाही.

नऊ वाजता पुन्हा आडवा झालो आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. म्हटलं, मी आता किटली. बराच वेळ तसाच होतो. कुणी उचलायला आलं नाही.