नाना लाईट घेतात का?

३ डिसेंबर, बुधवार
नाना काहीतरी लपवतायत. प्रूफ नाही. पण आज नगरहून भलतेच लवकर परत आले.
"मशीन रिकामं हुतं."
रेडिएशनचं मशीन रिकामं? फिजिओच्या सेकंड इयरला असले तरी एवढं मला कळतं. प्रोस्टेटचा कॅन्सर, रोज जायचं, शनि-रवि सुट्टी. आमच्या कडा गावात सगळे त्याला 'लाईट घेणं' म्हणतात.
विचारलं, लघवीला जळजळ? "ठीक हाय." झोप? "ठीक हाय." पोट? "ठीक हाय गं डॉक्टरीणबाई. बाजारात बैलाचे दात बघितल्यावानी कावून बघायलीस?"
आजी हसली. नाना नाही हसले.

५ डिसें., शुक्र.
थंडी आहे आणि नाना नुसत्या बंडीवर बसून टॉवेलने वारा घेतायत. घामाघूम. ते त्या हार्मोनच्या इंजेक्शनमुळे, नॉर्मल आहे. नॉर्मल नाही ते हे: महादेवाच्या देवळात सोमवारच्या भजनाला टाळ घेऊन पुढे बसणारा माणूस तीन सोमवार गेलाच नाही. आणि लाईटचं काही विचारलं की गोठ्यात काम निघतं. गोठ्यात एकच म्हैस, काम कसलं?
आजीला म्हटलं, नाना रोज खरंच जातात ना? "त्येंच्या मागं लागू नको. माणूस हाय, मशीन न्हाई."
आजीलाही माहीत आहे वाटतं.

८ डिसें., सोम.
रशीदचाचांच्या दुकानात बांगड्या भरायला गेले. मला बांगड्या आवडत नाहीत. पण चाचांना नानांचाच आजार, तेच मशीन, रोज नगरला एकाच काळी-पिवळी जीपमध्ये शेजारी.
"चाचा, नाना रोज लाईट घेतात ना?"
"लेते ना बेटी. मेरे सामने आत जातंय."
हे बोलताना बघत होते बांगडीकडे. आणि बांगडी अडकली. हात नुसता बघून माप सांगणारे चाचा, लहान बांगडी चढवत होते!
दोघं मिळालेले आहेत. नक्की.

१० डिसें., बुध.
"नगरला झेरॉक्स काढायच्यात" म्हणून आज सोबत गेले. उसाच्या ट्रॉल्यांमागे लई वेळ गेला.
हॉस्पि.च्या बाकावर सगळे म्हातारे. धोतर, टोपी, हातात पाण्याची बाटली. पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, पिशवी भरलेली असली की आतडं बाजूला राहतं, लाईट नीट लागते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते धरून बसलेले चेहरे पुस्तकात नव्हते.
नानांचं नाव पुकारलं. उठले. शेजारचा अनोळखी म्हातारा डोळे मिटून गुडघा दाबत होता.
"पाव्हणं, तुमी जावा आदी."
मग चाचा. "नाना, मेरेसे अब नै होता." "जा बे."
मग अजून एक जण. मग नाना स्वतःच घाईने संडासाकडे. परत आले तेव्हा पिशवी रिकामी. पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं, तोवर गाडी सुटणार. मशीनवाला दादा वैतागला, "बाबा, आजपण? असे डोस सोडून चालतं का?"
आजपण!
परत येताना विचारलं, नंबर का दिला?
"आगं तो बाप्या रडायलता. चार माणसात धोतर ओलं झालं तर काय ऱ्हातंय?"
मला भरून आलं. पण नंबर देताना मी त्यांचं तोंड बघितलंय. ती दया नव्हती. शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर होतं ना, तसं...

११ डिसें., गुरु.
आज नाना गेलेच नाहीत. "आंग मोडलंय." मी मशीनवाल्या दादांना फोन केला. म्हणाले, चुकलेले डोस शेवटी जोडू, पण असंच चाललं तर ट्रीटमेंटचा उपयोग काय? उद्या त्यांना पहिलं घेतो.
सरळ विचारलं. नाना, तुम्हाला नकोच आहे का हे?
चिडले नाहीत. "भजनात मधीच उठावं लागतंय. रात्री तुझ्या आजीची झोप मोड. मी खाट भायेर टाकली. लाईट घेतली तर किती दिस, ते डॉक्टर सांगतेत. कसले दिस, ते कुणी सांगतंय का?"
मी म्हटलं, कोर्स संपला की हा त्रास मोस्टली कमी होतो.
"मोस्टली म्हंजे?"


१२ डिसें., शुक्र.
नाव पहिलं पुकारलं. नाना बाकाकडे वळून बघत होते, कुणी जातंय का. चाचा ओरडले, "आता जा बे, सगळ्यांची पिशवी फुटंल!" सगळे म्हातारे हसले. नानासुद्धा.
आत गेले. दार बंद, लाल दिवा. आज लाईट घेतली, हे पक्कं.
गाडीत म्हणाले, "सोमवारपून तू येऊ नको. इश्वास हाय ना माझ्यावर?"
"आहे."
"मग स्टँडपर्यंत बी नको."
आमच्या गच्चीवरून स्टँड दिसतं. सोमवारी वर जायचं नाही असं ठरवलंय. आत्ता तरी. आणि गेले तरी काय, नाना गाडीत बसताना दिसतील. नगरला जाऊन नंबर कुणाला देतायत, ते कुठून दिसणार.