मागच्या दारावरचा पोचा

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असशील, म्हणून आधीच सांगून टाकते: बाबा ठणठणीत आहेत, मी धडधाकट आहे आणि घराचं छप्पर जागेवर आहे. फोन का नाही केला, असं वहिनी विचारेल. तिला सांग, फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं, ठेवू मग?' म्हणतोस आणि मी निम्मं बोलणं गिळून टाकते. आज मला काहीच गिळायचं नाहीये. तेव्हा चष्मा शोध, खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच. मधेच चिडलास तरी वाच.

मागच्या खेपेला आलास तेव्हा माझ्या काचेच्या कपाटासमोर उभा राहून 'या वयात खेळण्यातल्या गाड्या!' म्हणाला होतास. तेव्हा हसण्यावारी नेलं, पण ते मला लागलं होतं. खेळण्यातली गाडी दुकानात मिळते. माझी एक गाडी बनायला चार-चार महिने लागतात. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करायच्या आणि घरी येऊन त्याच हातांनी, खरं सांगायचं तर त्याच हत्यारांनी, तांदळाच्या दाण्याएवढे आरसे घासत बसायचं. ज्या बारीक सुरीने मेणातले दात कोरते तिनेच दारांच्या फटी कोरते. रंग देऊन झाला की रात्रभर डब्याखाली झाकून ठेवते, धुळीचा एक कण बसला तरी सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. लॅबचा मालक विचारतो, याचा उपयोग काय? मी म्हणते, तुम्ही संध्याकाळभर टीव्ही बघता त्याचा काय? तेव्हापासून तो विचारत नाही. कपाटात आता एकतीस गाड्या आहेत. बत्तिसावी माझ्यासमोर टेबलावर आहे आणि हे पत्र तिच्यापायी लिहितेय.

आमचं दहा-बारा जणांचं मंडळ आहे हे तुला माहीत आहे. दर वर्षी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही गाड्या मांडतो. आमचा अध्यक्ष औषधांचं दुकान चालवतो आणि इथल्या निम्म्या लोकांसारखा तोही बाबांकडेच गाडी शिकलेला. यंदा त्याने टूम काढली की उद्घाटनाला मास्तरांना, म्हणजे बाबांनाच, बोलवायचं आणि मधल्या टेबलावर मास्तरांची गाडी ठेवायची. ती अर्थात मी करायची. छपरावर 'शिकाऊ'ची पाटी हवी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच हवेत, आणि मागच्या डाव्या दारावर 'तो' पोचा हवाच. पोच्याशिवाय गाडी ओळखूच येणार नाही म्हणे. एवढं बोलून तो खो खो हसला.

हसणारच. एका पिढीने त्या पोच्यावर शिकून लायसन्स काढलंय. पहिल्या दिवशी नव्या शिकाऊला बाबा गाडीत बसवायचेच नाहीत. आधी मागच्या दाराशी उभं करायचे आणि सांगायचे, 'हे बघा, हे माझ्या पोराचं कर्तृत्व. न विचारता गाडी काढली आणि खांबाला घासली. घाई नडते ती अशी.' मग लोक तुझ्याकडे बघायचे आणि तू सायकलची चेन बसवत असल्याचं नाटक करायचास. 'पोच्या' हे नाव तुला बाबांनीच दिलं आणि मग ते सगळ्या गल्लीने उचललं. आणि मी? मी खिडकीतली फूटपट्टी घेऊन यायचे आणि बाबांचं बोलणं चालू असताना पोच्याच्या कडेने ती फिरवून दाखवायचे. लोक म्हणायचे, मुलगी चुणचुणीत आहे हो. अकरा वर्षांची होते, हे मी कारण म्हणून देत नाहीये. मला मजा यायची, म्हणून करायचे.

आता तू म्हणशील, जुनं उकरून काय मिळणार. थांब जरा.

त्या गाडीचा एकच फोटो घरात आहे आणि त्यात पोच्यासमोर कुणाचे तरी पाय आलेत. म्हणून पोचा मी आठवणीने आणि ऐकीव गोष्टीवरून काढला. दाराचं प्लास्टिक आतून खरवडून पातळ केलं, सुरी तापवून मऊ केलं आणि बाहेरून गोल काडीने हळूच दाबलं. गाडी पुढे जाताना खांबाला घासली की पत्रा मागे रेटला जातो आणि त्याची चुणी मागच्या टोकाला गोळा होते. मीही तशीच काढली. तीन दारं वाया गेली, चौथं जमलं. रंग चढवून, वर थोडी धूळ मारून गाडी बाबांपुढे ठेवली. त्यांना आता फारसं दिसत नाही, सगळं बोटांनी बघतात. छपरावरची पाटी चाचपली, दोन्हीकडची पायडलं नखाने दाबून बघितली, खूश झाले. मग बोट मागच्या दारावर गेलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, 'पोचा उलटा काढलास. चुणी पुढच्या दाराकडे होती.'

त्यांना राहवलंच नाही, दादा. पन्नास वर्षं लोकांच्या चुका काढलेला माणूस, समोर चूक आली आणि तोंड उघडलं. दुसऱ्याच क्षणी हात मागे घेतला आणि माझं पाणी आण म्हणाले.

मी पाणी दिलं आणि लॅबमधून आणलेल्या गुलाबी मेणाच्या पातळ पट्ट्या घेऊन बसले. एक पट्टी एका जुन्या गाडीच्या दारावर चिकटवली, खांब म्हणून टेबलावर पेन्सिल उभी रोवली आणि गाडी पुढे ढकलून घासली. मेण मागे गोळा झालं. नवी पट्टी चिकटवून गाडी मागे आणत घासली. मेण पुढे गोळा झालं. दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच. मेण माझ्याशी खोटं बोलत नाही, तीस वर्षं त्याच्यावरच पोट भरतेय. चुणी पुढच्या बाजूला असेल तर गाडी रिव्हर्समध्ये होती.

आणि तुला रिव्हर्स येत नव्हतं! बाबा शेवटच्या आठवड्याशिवाय कुणालाही रिव्हर्स शिकवायचे नाहीत, पोटच्या पोरालाही नाही. त्या सकाळी तू गाडी काढलीस, चौकाला वळसा घालून आणलीस आणि फाटकासमोर रस्त्यातच सोडलीस. ती शेडमध्ये मागे मागे घालायची असते आणि ते तुला जमत नाही म्हणून. मी खिडकीत होते. मीच पळत जाऊन चुगली केली. बाबा दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आले, तुझ्या हातातून किल्ली हिसकावली आणि तुला आत हाकललं. मग स्वतः गाडीत बसले. मी दप्तर भरायला आत वळले तेव्हा शेडकडून पत्र्याचा आवाज आला होता, मोठं पातेलं पडल्यासारखा. मला तो आवाज आजही आठवतो. पण मास्तरांची गाडी आपटत नाही, हे आमच्या घरातलं पहिलं पाठांतर. म्हणून मी तो आवाज स्वयंपाकघराच्या नावावर टाकला आणि शाळेत गेले. संध्याकाळी घरी आले तर पोचा तुझा झालेला होता.

तू 'मी नाही, मी नाही' म्हणून घसा कोरडा केलास. बाबा म्हणाले, मग काय गाडी स्वतःहून घासली? आणि आम्ही सगळे हसलो.

आणखी एक ऐक. बाबांनी तो पोचा कधीच का काढला नाही? आपल्याला वाटायचं, धडा म्हणून ठेवलाय. अरे, कुठल्याही डेंटिंगवाल्याने नुसत्या नजरेने सांगितलं असतं की मास्तर, हे रिव्हर्सचं काम आहे. म्हणून गाडी कधी त्याच्या दारात गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोन मेणाच्या पट्ट्या त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. त्यांनी एक चाचपली, दुसरी चाचपली. मग म्हणाले, 'दहाला पहिली शिकवणी होती.' एवढंच. मी म्हटलं, पुढे? म्हणाले, 'दारात शिकाऊ उभा होता. काहीतरी सांगावं लागलं. एकदा सांगितलं, मग रोज सांगावं लागलं.' मला वाटलं होतं मी रडेन, पण माझं डोकंच भडकलं. मी त्यांना सगळं सुनावलं. तू घर सोडलंस ते, तू आयुष्यात पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाहीस ते, वहिनी गाडी चालवते आणि तू शेजारी बसून नकाशा बघतोस, तुझी पोरं त्यावरून तुझी थट्टा करतात आणि तूही हसतोस, तेसुद्धा. ते म्हणाले, चाळीस वर्षांनी कुणाला काय फरक पडतो? दार सपाट कर, गाडी नवी होती तशी मांड. मी सांगितलं, पोचा राहणार. चुणी तुम्ही म्हणालात तिथेच असणार.

अध्यक्षाचं वेगळंच. त्याने गाडीपुढे ठेवायचं कार्डसुद्धा छापून आणलं होतं: 'मास्तरांच्या चिरंजीवांच्या प्रसिद्ध पोच्यासह.' मी ते त्याच्यासमोर फाडलं. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, ताई, मास्तर पाहुणे आहेत, चारचौघांत शोभेल का? मी विचारलं, माझ्या भावाचा पोचा चारचौघांत इतकी वर्षं शोभला ना? मधल्या टेबलावर जागा देणार नसाल तर मी हॉलच्या दाराबाहेर स्टूल टाकून गाडी मांडेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवेन. फूटपट्टी अजून आहे माझ्याकडे. तो मुकाट्याने टेबल द्यायला तयार झाला. नवं कार्ड मी माझ्या हाताने लिहिलंय: 'मास्तरांची गाडी. प्रमाण एकास चोवीस. मागच्या दारावरचा पोचा रिव्हर्समध्ये पडलेला आहे. मास्तरांच्या मुलाला तेव्हा रिव्हर्स येत नव्हतं.' बस, इतकंच. बघायला येणारे सगळे बाबांकडेच शिकलेले आहेत, त्यांना याहून जास्त सांगावं लागणार नाही.

बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. जेवण वाढलं, डोळ्यांत औषध घातलं, पण माफ केलेलं नाही. तुला करायचं असेल तर तू कर, तो तुझा प्रश्न. काल सकाळी मात्र मी ब्रश धुऊन आले तर ते माझ्या टेबलापाशी वाकून उभे होते. या गाडीची पुढची चाकं मी वळतील अशी केली होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून डावीकडे पूर्ण वळवली, अगदी शेवटपर्यंत, आणि भिंत धरत धरत खोलीत निघून गेले. त्या सकाळी शेडच्या तोंडाशी चाकं कशी होती हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. मी डिंकाची बाटली उघडली आणि चाकं होती तशीच चिकटवून टाकली. रविवारी ते येणार का, मी विचारलेलं नाही. त्यांनी इस्त्रीचा शर्ट मात्र मागून घेतला आहे.

प्रदर्शन रविवारी दहाला आहे. तू ये किंवा येऊ नकोस, गाडी मधल्या टेबलावर असणार. आलास तर पुढच्या दाराने ये आणि मान वर करून ये. पण नुसतं बोलवायचं असतं तर फोन पुरला असता. माझ्या हत्यारांच्या डब्यात, तळाशी, घडीवर फाटत आलेला एक कागद आहे. तू घर सोडून गेलास त्या वर्षी वसतिगृहातून मला पाठवला होतास. आईची आणि बाबांची चौकशीही नव्हती त्यात. एकच ओळ होती: 'चोमडे, निदान तू तरी खरं सांग, तुला वाटतं का मी केलं?' तेरा वर्षांची होते. मला वाटत होतं की तूच केलंस, आणि ते तुला लिहायची लाज वाटली, म्हणून उत्तरच दिलं नाही. नंतर लग्नकार्यांत भेटलो, आईला पोचवायला शेजारी शेजारी उभे राहिलो, तू पुन्हा कधी विचारलं नाहीस आणि मी कधी विषय काढला नाही. एकोणचाळीस वर्षं झाली त्या पत्राला. हे त्याचं उत्तर आहे. नाही, दादा. तू नाही केलंस.

तुझीच,
चोमडी