दादाचा इंटरफेस

सोमवार, ३ मार्च

नाही म्हणजे नाही! दादाचा इंटरफेस आता बास झाला.

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला होता. "पेटी छान आहे हो, पण आमच्या प्रोग्रामला ती दिसतच नाही. महिनाअखेरपर्यंत दिसली नाही तर सगळ्या परत!"

दिसणार कशी? आमच्या पेटीत एका बाजूने कॅमेऱ्याची वायर जाते, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरची. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. त्याच्याशी बोलायची रीत दादाने स्वतःच बनवलेली — आणि ती कळते फक्त दादाच्याच प्रोग्रामला. बाकी सगळे प्रोग्राम सिस्टिमचा स्टँडर्ड इंटरफेस बोलतात. आम्ही आपले आमच्याच तोऱ्यात. पेट्या परत आल्या तर वर्कशॉपला कुलूप लागेल.

मंगळवार, ४ मार्च

दादाशी बोलले. बोलले कसलं, भांडले. तो हल्ली घरूनच काम करतो, तासभर तोंड दाखवून जातो. त्या तासात गाठला.

"चाललंय ते मोडू नकोस."

"कोणासाठी चाललंय? तुझा प्रोग्राम वापरणारं एक तरी गिऱ्हाईक दाखव!"

तो चहा प्यायला निघून गेला.

आमचा टेस्टर — मी त्याला शंकासुर म्हणते, तोही ओ देतो — मधे पडला. "दोन्ही ठेवूया की. जुना राहू दे, शेजारी नवा."

दोन दगडांवर पाय ठेवणं मला जमत नाही. प्रत्येक चूक दोन ठिकाणी कोण शोधणार? मीच ना! ठरलं. स्टँडर्डच.

गुरुवार, ६ मार्च

डोक्याचा भुगा. जुन्या रीतीत आलेलं प्रत्येक चित्र उचलून प्रोग्रामच्या हातात द्यायचं. नव्या रीतीत चित्रं ठेवायचे मोजके डबे फिरते असतात. प्रोग्राम रिकामे पाठवतो, ड्रायव्हर भरून देतो, ते रिकामे होऊन परत येतात. कागदावर सोपं दिसतं.

शुक्रवार, ७ मार्च

चित्र आलं! हिरवंगार. पण आलं!

सोमवार, १० मार्च

हिरवेपणा गेला. रंगांचा क्रम मीच उलटा सांगत होते. कुणाला कळायच्या आत बदलला.

मग नवीनच भानगड. दोन-चार चित्रं यायची आणि पुढे सगळं ठप्प. ठप्प झालं तेही नेमकं शंकासुराच्या जांभईवर! आ वासलेलं तोंड, अख्खा स्क्रीनभर. भरलेले डबे मी इमानदारीत देत होते, पण परत आलेले रिकामे डबे रांगेत लावायलाच विसरले होते.

"हा फोटो बायकोला दाखवू नकोस," तो म्हणाला, "म्हणेल, घरीही असाच दिसतो."

खूप दिवसांनी पोट धरून हसले.

मंगळवार, ११ मार्च

चालतंय. न अडखळता. जुना कोड मुळापासून उपटून टाकला, नवा ड्रायव्हर सगळ्या मशीनवर चढवला. दादाचा घरचा कॉम्प्युटर इथूनच आपोआप घेतो, तेव्हा त्याच्याकडेही पोचलाच.

फोनवर सांगितलं. "जुना सगळा काढलास?" "सगळा." "बरं," म्हणाला आणि ठेवला.

गुरुवार, १३ मार्च

बाईंचा फोन — "अहो, लावल्या लावल्या दिसली! काहीसुद्धा करावं लागलं नाही." वर आणखी पेट्या हव्यात म्हणाल्या!!

वाचलो. आनंदाने उड्याच मारायच्या बाकी होत्या. पण दादा आला नाही. कालही नव्हता. रुसलाय. त्याने वर्षानुवर्षं जपलेलं मी एका दुपारी पुसलं, वाईट मलाही वाटतंय. पण माघार नाही.

शनिवार, १५ मार्च

फोन उचलत नाही. एवढा कसला राग? मीही नाही करणार आता.

सोमवार, १७ मार्च

वहिनी स्वतः वर्कशॉपात आली. मी भांडायच्या तयारीतच होते.

"ह्यांचा तो प्रोग्राम बंद पडलाय गं," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय ह्यांना वाचताच येत नाही."

वर्ष होत आलंय म्हणे. नजरेच्या मधोमध धुकं. टेबलावर खाली तोंड करून आमच्याच पेटीला जोडलेला कॅमेरा लावलाय, त्याच्याखाली कागद धरायचा. मग प्रोग्राम अक्षरं केवढाली करतो, काळ्यावर पांढरी. पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यातून. "तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, ती आधीच एकटी ओढतेय."

आठवडाभर तो नुसता बसून आहे. आणि मी त्याला रुसलेला समजत होते!

जुना ड्रायव्हर शोधून काढलाय. आत्ता जाऊन तो त्याच्या कॉम्प्युटरवर परत बसवते. उद्यापासून त्याचा प्रोग्राम नव्या इंटरफेसवर आणायचा, दोघांनी मिळून. कोड मी मोठ्याने वाचेन, चुका तो काढेल. वहिनी दारात थांबलीय.