गीत : पारंपरिक

२१ ऑगस्ट १९९४
दुपारी तीन ते साडेचार, तेवढाच वेळ शेजारच्या मंगला गौरीच्या देवळातली घंटा गप्प असते नि अण्णा पाठशाळेत शिकवायला. माळ्यावर रजया टांगून रेकॉर्डिंग. धाकटा भाऊ शिरीष पेटीवर, गाणारी मी. 'नावेत बसली पहाट बाई' शेवटी घेतलं. मला दोनच कडवी सुचली, पण सगळ्यांत लाडकं. मध्येच पत्र्यावर माकडं. शि. म्हणतो, "राहू दे ताई, ताल में कूदे हैं!"

३० ऑगस्ट
कॅसेटच्या कव्हरवर नाव कुणाचं? शब्द माझे, चाल शि.ची. पण अण्णा! "संतांनी लिहिलंय ते म्हणून संपत नाही, तुम्ही कशाला भर घालता?" लहानपणापासून ऐकतेय. शेवटी दोघांनी शेपूट घातलं. गीत-संगीत : पारंपरिक.

१८ सप्टेंबर
गणपतीत दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी घरांतून कॅसेटींची झोळी घेऊन फिरलो. सगळ्या कॅसेटी संपल्या! आता पुन्हा एकेक भरतोय. एकीला तास लागतो. तोवर मी खिडकीतून नदी बघते. कुठं जाते कळत नाही, बटण खट्कन उडतं तेव्हा परत येते.

२८ ऑक्टोबर
पहाटे पंचगंगा घाटावर, कार्तिकस्नान. धुकं. आकाशदीप अजून बांबूंवर मिणमिणत. खालच्या पायरीवर बायका गात होत्या. आधी वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय. पहाट बाई! कमरेएवढ्या पाण्यात उभी, थंडी विसरले. जोशीकाकू म्हणाल्या, "फार जुनं हो. आमच्या सासूबाई म्हणायच्या." मी म्हटलं, "हो का?"
शि. ऐकून हसून लोळला. मग म्हणाला, "अपना गाना गया, ताई."
खूप रडले. आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता.

५ नोव्हेंबर
ठरलं. दुसऱ्या कॅसेटवर आमची नावं. पहिलं गाणं हेच, नव्यानं गाऊन. अण्णांना मी सांगणार.

११ नोव्हेंबर
संध्याकाळी बालाजी घाटावर अण्णांशेजारी बसले. मनात शब्द जुळवत होते, तर अण्णाच गुणगुणायला लागले. पहाट बाई. स्तोत्राशिवाय कधी सूर न काढणारे अण्णा!
"माझी आई म्हणायची. मांडीवर घेऊन."
आजी गेली तेव्हा अण्णा पाच वर्षांचे. घरात तिचा फोटोसुद्धा नाही.
"येतं तुला? म्हण."
म्हटलं. 'वल्हं कुणाच्या हाती'पाशी थांबवलं. "चुकलीस. वल्हं आईच्या हाती." पाठशाळेतल्या मुलांसारखं तीनदा घोकून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे मिटलेले होते.
काही सांगितलं नाही. ती ओळ माझ्या ओळीपेक्षा चांगली आहे. त्याचाही राग आला.

१३ नोव्हेंबर
शि.ला सगळं सांगितलं. बराच वेळ एकच सूर दाबून बसला. मग 'आईच्या हाती' बसवून पाहिलं. अलगद बसलं. तीन वाजता रेकॉर्ड केलं.
उद्या सकाळी कव्हर छापायला द्यायचं. शि. म्हणतो, "तू जे लिहिशील ते."
'गीत' लिहून थांबलेय. मला माझं नाव हवंय, खरंच हवंय. खाली अण्णा संध्येची पळी-पंचपात्री घासताहेत, गुणगुणताहेत. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.
आता तिसरं म्हणताहेत.